धुपघळीचा रानकोंबडा आणि रत्नाकाकूंचं दूध

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या निसर्ग मंडळाचे आधारस्तंभ माननीय अभिनंदनजी आवटे. ज्यांच्यासाठी आपण सगळे हातातली कामं टाकून इथं जमलो, ते आमचे गुरुवर्य, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गणपतराव इंगवले सर. व्यासपीठावर विराजमान झालेले सन्माननीय पाहुणे. समोर बसलेले प्राध्यापक, आजी-माजी विद्यार्थी, माता-भगिनी. आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या दारापाशी उभे राहिलेले माझे मित्रहो,

समोरच्या डोंगरावरचा रानकोंबडा एकदा झकास आरवला आणि लगेच बाईमाणसाच्या आवाजात म्हणाला, "गोमटेश, दूध उतू चाललंय." त्या क्षणी माझं सगळं बदललं.

हसा. मीही हसलो होतो. पण आज मला जे बोलायचं आहे ते त्या दुधापासूनच सुरू होतं, म्हणून ते आधी सांगून टाकलं.

माझं नाव प्रसेनजीत कुरणे. गाव मलकापूरजवळ. टी.वाय.ला असताना कॉलेज सोडलं, सध्या आजऱ्याला काजूच्या कारखान्यात आहे. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव नाही, हे अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून मला इथूनही दिसतंय. पण सूत्रसंचालन करणाऱ्या प्रियदर्शनी मगदूम यांनी आत्ता माइकवरून माझं नाव घेतलं, आणि नाव पुकारल्यावर उठलं नाही तर तो सभेचा अपमान होतो. म्हणून मी उठलो.

सरांविषयी आज पुष्कळ बोललं गेलं. विद्वत्ता, शिस्त, साधी राहणी. सगळं खरं आहे. मी एवढंच सांगतो की मला कान सरांनी दिले. पहिल्या वर्षी सरांनी आम्हाला धुपघळीत नेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मलकापूरच्या पुढं रत्नागिरीकडं जाताना डाव्या हाताला रान सुरू होतं, तिथली ही घळ. दोन्ही बाजूंना डोंगराची सोंड, तळाला ओढा, आणि मध्ये धुपाची जुनी झाडं, बांबू, कारवी, इतकी दाट की माणूस वाकून जातो. सरांनी आम्हाला पालापाचोळ्यात बसवलं आणि सांगितलं, "डोळे मिटा. आता मला सांगा, तुमच्या डावीकडं कोण चालतंय?"

आम्ही म्हटलं, साप. कुणी म्हटलं, भेकर. माझा वर्गमित्र कृष्णात शेजारी होता, तो हळूच म्हणाला, "शिपाई आला आसंल, फी मागायला." सर हसले नाहीत. म्हणाले, "रानकोंबडी आहे. पाला उकरते, थांबते, ऐकते, परत उकरते. साप थांबून ऐकत नाही." डोळे उघडले तर खरंच, मातकट रंगाची एक कोंबडी, आणि तिच्या मागं पिलं, वाळल्या पानांच्याच रंगाची. सरांनी आम्हाला हलू दिलं नाही. ती पिलं घेऊन वाट ओलांडून पलीकडं जाईपर्यंत आम्ही तसेच बसलो आणि आमची यष्टी चुकली. कृष्णात वाटभर कुरकुरत होता. मला मात्र त्या दिवशी कळलं की एखाद्या माणसासाठी जशी यष्टी चुकवावी, तशी एखाद्या पाखरासाठीही चुकवता येते.

तेव्हा सर, माझ्या आजच्या बोलण्यात राग असेल, पण तुमच्याविषयी आकस नाही. राग हीच माझी जुनी खोड आहे, ती तुम्हाला ठाऊक आहे.

आता मूळ मुद्दा. थोड्या वेळापूर्वी अध्यक्षांनी जाहीर केलं की सरांच्या मोजणीप्रमाणं धुपघळीतले रानकोंबडे पूर्वीच्या दुपटीहून जास्त झाले आहेत. टाळ्या झाल्या. मग अध्यक्षांनी सांगितलं की पाखरू इतकं सुखात आहे तर आता थोडं माणसांसाठीही करायला हरकत नाही. घळीच्या तळापर्यंत डांबरी रस्ता, ओढ्याकाठी राहायला झोपड्या, आणि खालची झुडपं साफ करून सहलीसाठी मोकळी जागा. त्याच्याही टाळ्या झाल्या. आणि समारंभाच्या शेवटी त्या मागणीच्या निवेदनावर सर स्वतः सही करून ते पाहुण्यांच्या हाती देणार आहेत, निरोपाची भेट म्हणून. ते निवेदन समोर टेबलावर आहे, पेन उघडून ठेवलंय.

ती सही होऊ नये, म्हणून मी आजऱ्याहून आलोय. दुसरं काही नाही.

खालची झुडपं. अध्यक्षमहोदय, ज्याला तुम्ही झुडपं म्हणालात त्याचं नाव कारवी. रानकोंबडीचं घर तेच. ती झाडावर घरटं बांधत नाही. कारवीच्या नाहीतर बांबूच्या बुडाशी जरा माती उकरते आणि अंडी घालते. बसली की तिच्यावर पाय पडेपर्यंत दिसत नाही. नर दिमाखदार, राखी अंग, मानेवर पिवळं मेण ठिबकल्यासारखे ठिपके, तांबडा तुरा. तो पहाटे फांदीवर चढून आरवतो आणि सगळ्यांना तोच ठाऊक असतो. पण पुढचं पाखरू जन्माला येतं ते त्या गप्प बसणाऱ्या कोंबडीच्या पोटाखाली, आणि तिला दाट झुडूप लागतं. झुडूप साफ केलं की मागं उरतो तो फक्त फांदीवरचा दिमाख. आपल्या कोल्हापुरात त्याची कमतरता नाही, त्यासाठी रान कशाला हवं?

आता तुम्ही विचाराल, मोजणीत पाखरं दुप्पट झाली, ती काय खोटी? खोटं कुणीच बोललं नाही. तेच तर मला सांगायचंय.

मोजणी कशी झाली ते ऐका. रानकोंबडा दिसत कमी, ऐकू जास्त येतो. म्हणून त्याच्या आरवण्याची कॅसेट वाजवायची. आपल्या हद्दीत परका नर आला असं समजून तो चिडतो आणि उत्तर देतो. उत्तर आलं की मोजायचं. पद्धत चांगली आहे, सरांनी कुठंतरी वाचली होती, त्यात चूक नाही.

पण मोजायला गेलो आम्ही, कोल्हापूरचे. सर दोन तुकड्या पाठवणार म्हणाल्यावर पहिला प्रश्न काय आला? पोरं आणि पोरी एकत्र रानात जाणार का? घरच्यांची बैठक झाली, कॉलेजची बैठक झाली. ठरलं असं की घळीच्या अलीकडच्या सोंडेवर पोरं, पलीकडच्या सोंडेवर पोरी, त्यांच्याबरोबर एक मॅडम. मध्ये अख्खी घळ. शिवाय सरांचा नियम, मोजणी संपेपर्यंत एका तुकडीनं दुसरीशी बोलायचं नाही, म्हणजे आकडे स्वतंत्र राहतील. घरच्यांना हा नियम फारच आवडला. मुक्कामही वेगळे, जाणं-येणं वेगळं.

आणि टेप. साध्या टेपचा आवाज झाडीत दहा पावलं जात नव्हता. तेव्हा कृष्णात म्हणाला, "थांब की, आमच्या मंडळाचा कर्णा आणतो." गणपतीचा कर्णा, गाडीच्या बॅटरीवर चालणारा. आमच्याकडं कर्णा आलाय म्हटल्यावर पोरी मागं राहतील होय? त्यांनी बावड्याच्या एका मंडळाचा आणला. तोही मोठा. मध्ये अख्खी घळ असताना समोरचा कर्णा आपल्याला ऐकू येईल, हे दोन्हीकडं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कोल्हापुरात आवाज कमी ठेवायला कुणी शिकवलंय का कधी?

आता चित्र डोळ्यासमोर आणा. पहाट फुटतेय. अलीकडच्या सोंडेवर आम्ही कॅसेट लावतो, कुक्‌ काया काया कुक्‌, आणि थांबतो. पलीकडं पोरी लिहून घेतात, एक नर, समोरच्या सोंडेवर. मग त्या त्यांची कॅसेट लावतात. आम्ही कान टवकारतो आणि लिहितो, एक नर, समोरच्या सोंडेवर. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढच्या जागी, त्या पुढच्या जागी. परत नवा नर. जिथं त्या जातील तिथं आम्हाला कोंबडा, जिथं आम्ही जाऊ तिथं त्यांना. खरी पाखरंही आरवत होती, नाही असं नाही. पण सगळ्यांत जोरदार, सगळ्यांत भरवशाचा नर दोन्हीकडं समोरचा कर्णाच होता.

तानाबाई म्हणून त्या वाडीतल्या आजी, त्यांच्याकडं आम्ही चहाला थांबायचो. त्या म्हणायच्या, "तुमी आल्यापासनं कोंबडं लई झाल्यात बघा. आदी असं न्हवतं." आम्हाला केवढा आनंद. वाडीतली माणसंसुद्धा साक्ष देतायत. पुढं त्या म्हणाल्या, "एवढं झाल्यात म्हणून आमच्या पोरांनी बी फास लावल्यात. धा-पाच गेलं तर कुटं कमी व्हतंय?"

हे वाक्य तेव्हा माझ्या डोक्यातून निसटलं. आता निसटत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. "आवरतं घ्या." घेतो. आवरतंच घेतोय. पण आवरतं घ्यायला आधी पसारा पुरता दिसावा लागतो.

त्या मोजणीत मला एक कोंबडा लाभला होता. माझा म्हणायचो मी त्याला. मी कॅसेट वाजवली की तो लगेच उत्तर द्यायचा नाही. जरा थांबायचा, मला वाटायचं विचार करतोय, आणि मग असा आरवायचा की अंगावर काटा यायचा. मी जागा बदलली की तोही बदलायचा. कृष्णात म्हणायचा, "प्रसन्या, तुझ्यामागं लागलंय हे कोंबडं." रात्री मुक्कामी पडल्यावर मी पहाटेची वाट बघायचो. पाखरासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो.

आणि मग ती सकाळ. मी वाजवलं. तो थांबला. आरवला. आणि नेहमीसारखा गप्प न होता खरखरला आणि म्हणाला, "गोमटेश, दूध उतू चाललंय, ऐकू येत न्हाय का तुला?"

कृष्णातच्या हातात पेन्सिल होती. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "हे संसारी हाय. मोजायचं का न्हाय?"

पलीकडच्या तुकडीची कॅसेट कुणाच्यातरी घरी भरली होती, जुन्या कॅसेटवर. त्या दिवशी थांबवायचं बटण दाबायला उशीर झाला आणि आरवण्याच्या पुढं राहिलेलं घरातलं जुनं बोलणं वाजलं. गोमटेश कोण, ते मला त्याच दिवशी कळलं. मोजणीचा शेवटचा दिवस असल्यामुळं परतीला दोन्ही तुकड्या एकाच यष्टीत बसल्या. पोरी पुढं, आम्ही मागं. मी उठून पुढं गेलो आणि दांड्याला धरून, पलीकडं टेप सांभाळणाऱ्या याच प्रियदर्शनीला विचारलं, "तुमच्या सोंडेवर गोमटेश कोण?"

ती म्हणाली, "माझा भाऊ. का?"

"त्याचं दूध उतू गेलं का?"

ती हसली. खूप हसली, मॅडम वळून बघेपर्यंत हसली. बांबवड्यापर्यंत हसत होती. बांबवडं गेल्यावर ती बोटांवर दिवस मोजू लागली. तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे मला रोज जो उत्तर देत होता, तो तू?"

मी म्हटलं, "आणि मला, तू."

"मग आपण मोजलं काय?"

मित्रहो, पोरगी आवडण्याची कारणं लोक पुष्कळ सांगतात. माझं कारण हा प्रश्न आहे. मागच्या रांगेत जी कुजबुज चालली आहे ती ऐकू येतेय मला, सरांनी कान दिलेत म्हटलं ना. कुरणे कोण, मगदूम कोण, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. बावड्यात, तिच्या घराकडं, काय बोललं जातं तेही मला माहीत आहे. तेव्हा कुजबुजीचे कष्ट वाचवतो. आहे माझं प्रेम. तिचं आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. मी विचारलंय, उत्तर आलेलं नाही. आणि उत्तर आल्यासारखं वाटलं म्हणून मोजायचं नसतं, एवढं मी त्या घळीत शिकलो. पण एक गोष्ट ठासून सांगतो. प्रेमामुळं आकडा चुकला नाही. आकडा चुकला तो आम्हाला एकमेकांशी बोलू दिलं नाही म्हणून. एका सोंडेवर बसवलं असतं तर पहिल्याच पहाटे कळलं असतं.

प्रियदर्शनी, रागावू नकोस. बोलून झालंय आता.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडं गेलो. सर प्रयोगशाळेत होते. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "एका सकाळी गंमत झाली असेल, कुरणे. तेवढ्यावर सगळी मोजणी रद्द करायची?" मी म्हटलं, एक सकाळ पकडली गेली, बाकीच्या पकडल्या गेल्या नाहीत, एवढाच फरक. परत मोजू, बिनटेपचं. नुसतं बसू आणि जे आपणहून आरवेल ते मोजू. सर म्हणाले, आकडा वर गेलाय, पेपरात छापून आलाय. मी म्हटलं, पेपरात छापून कोंबडं होत नाही सर. तेव्हा सर चिडले आणि म्हणाले, "तुम्ही एका मुलीसाठी सगळी मोजणी उधळायला निघालाय."

मी दार आपटून बाहेर पडलो. काच तडकली. ती अजून तशीच आहे असं ऐकतो. कॉलेजात परत पाय ठेवला नाही. घरी आई अजून विचारते, पेपर कधी देणार.

सर, तुम्ही खाली बघू नका. मी तुम्हाला कमी लेखायला उभा नाही. आणि चूक फक्त टेपची नव्हती, दुसरीही होती, तीही आज सांगतो. त्या वर्षी कारवीचं बी होतं. कारवी वर्षानुवर्षं नुसती पानांवर असते आणि सात-आठ वर्षांनी एकदा सगळी एकदम फुलते, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बी तडतड फुटून जमिनीवर सांडतं. ते खायला लांबलांबची रानकोंबडी त्या घळीत उतरतात. जी पाखरं आम्ही खरी मोजली, त्यातली निम्मी पाव्हणी होती. लग्नाच्या मांडवात उभं राहून कुणी गावाची खानेसुमारी करतं का? आम्ही केली. बी संपलं, पाव्हणे गेले. घरची होती त्यांच्यावर फास लागले, कारण आम्हीच गावभर कर्ण्यानं सांगितलं होतं, लई झाल्यात म्हणून. वाडीतली पोरं आता फासाशेजारी टेप लावतात. परका आला म्हणून नर भांडायला धावतो आणि मान अडकते. ती युक्तीसुद्धा आमच्याकडूनच गेली.

मी सुट्टी मिळाली की जातो. बिनटेपचा. बसतो डोळे मिटून. गेल्या थंडीत पाला उकरल्याचा आवाज मला एकदाही आला नाही. एक नर आरवतो, ओढ्याच्या वरच्या अंगाला. आरवतो आणि थांबतो. थांबणं आता लांबलंय, कारण उत्तर येत नाही. मला ते ऐकवत नाही. उत्तराची वाट बघत बसणं काय असतं, ते मला थोडंफार कळतं.

तो एक आणि कारवीत कुठंतरी गप्प बसलेली एखादी, एवढ्यावर ती घळ उभी आहे. आणि तुम्ही कारवी साफ करायला निघालाय, पाखरू सुखात आहे म्हणून.

काय म्हणालात अध्यक्षमहोदय? जरा मोठ्यानं. पुरावा काय?

योग्य प्रश्न आहे. पुरावा नाही. मी काय सांगणार, कॉलेज सोडलेला, डोक्यानं गरम आणि वर प्रेमात पडलेला. माझ्यावर कोण विश्वास ठेवील? कृष्णात पुण्याला नोकरीला लागला. ती कॅसेट कुठं आहे मला माहीत नाही. तेव्हा मी एवढीच विनंती करतो की आज सही नको. सर, उद्या पहाटे माझ्याबरोबर चला. रात्री आमच्या घरी मुक्काम करा. आई तुम्हाला ओळखते, तुमच्यासाठी शिव्या राखून ठेवल्यात तिनं, त्या ऐका, भाकरी खा, आणि पहाटे घळीत बसा. कर्णा नको, टेप नको, तुकड्या नकोत. जे आपणहून आरवेल तेवढंच. तो आकडा तुम्ही म्हणाल तो. मग करा सही, मी निमूट खाली बसेन.

सर, काहीतरी बोला.

थांबा. एक मिनिट. प्रियदर्शनी व्यासपीठावर काय करतेय, मला कळेना. स्वागतगीत ज्या टेपवर वाजलं तो टेप तिनं पुढं ओढलाय. त्यातली कॅसेट काढली. पर्समधून दुसरी घालतेय.

काय म्हणालीस? माइक माझ्याकडं आहे, मागं ऐकू जाणार नाही, मीच सांगतो. ती म्हणते, "तीच आहे. मोडली नाही, पुसली नाही. जपून ठेवलीय."

एवढे दिवस का नाही सांगितलंस?

ती म्हणते, "मी सांगितलं असतं तर म्हणाले असते पोरगी रानात भ्याली. तुझं ऐकलं तर म्हणतात प्रेमात वेडा झालाय. आता दोघांचंही नको. कोंबड्याचंच ऐकू देत."

आणि तिसऱ्या रांगेत निळ्या काठाच्या साडीत ज्या मघापासून पदर तोंडाला लावून बसल्यात, त्या प्रियदर्शनीच्या आई, रत्नाकाकू मगदूम. काकू, नमस्कार. तुमचा आवाज दोन डोंगरांना ओळखीचा आहे. आज या हॉललाही होईल. क्षमा करा, दुधाचं नुकसान झालं असेल तर तेही सांगा. आणि गोमटेश, हसू नकोस, तू असतास वेळेवर गॅसपाशी, तर आम्हाला आयुष्यभर कळलं नसतं.

लाव प्रियदर्शनी.

काय? मी? का?

बरं. ती म्हणते, "तू आधी बाहेर जा. तू आत असलास तर परत म्हणतील, हाच आरवला."

खरं आहे. मोजणीच्या वेळी ज्याचा संशय येईल त्यानं जागेवर असू नये. हेही सरांनीच शिकवलंय. परत एकदा ती एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. असू दे. या खेपेला कोण कुणाला उत्तर देतंय ते ठाऊक आहे.

सरांनी माझ्याकडं बघितलं. सर, तुम्ही पेनाला टोपण लावलंत, ते मी पाहिलं. त्याचा अर्थ मी आत्ता काढणार नाही. उद्या मलकापूरहून पहिली यष्टी पहाटे सुटते, मी तिथं स्टँडवर असेन. तुम्ही आलात तर दोघं जाऊ, नाहीतर एकटा जाईन. रात्री मुक्कामाला येताय की थेट स्टँडवर, एवढं फक्त सांगा.

अध्यक्षमहोदय, पत्रिकेत नसताना तुम्ही मला एवढा वेळ सहन केलंत, दुसरी चिठ्ठी पाठवायचं मनात येऊनही पाठवली नाहीत, याबद्दल मनापासून आभार. पाहुण्यांचे आभार, त्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही. बावड्याच्या मंडळींचे आभार, त्यांनी अजून मला उचलून बाहेर नेलं नाही. इंगवले सरांना निरोप द्यायची माझी पात्रता नाही, आणि तसा माझा विचारही नाही. उद्या पहाटे मला त्यांचे कान लागणार आहेत. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, वयाचा, खुर्चीचा, जातीपातीचा, तर पहिल्या दोहोंसाठी पोटात घ्या. तिसऱ्यासाठी मी माफी मागत नाही.

मागं उभे असलेले मित्रहो, जरा वाट द्या. हे दार मघापासून वाऱ्यानं आपटतंय. मागच्या वेळी दार मी आपटलं होतं. आज कडी हातात धरून लावतो. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज आत आला तर मोजणीत परत घोळ व्हायचा.

मी बाहेर आहे. दार लागलं की प्रियदर्शनी बटण दाबेल. आत जे आरवेल, ते तुम्ही मोजा.